साचलेले ठिपके

सुहास, माझा नवरा, जाऊन चार महिने झाले. आम्हा दोघांच्या डोंगरभटकंतीच्या जीपीएस नोंदी एकत्र करायला आज बसले. दर काही सेकंदांनी नोंदलेले दोघांच्या जागांचे ठिपके वेळेनुसार नकाशावर मांडणारा छोटासा प्रोग्राम मी लिहिला होता. त्यात एक नियम घातला होता, माणूस एकाच जागी उभा असेल तर तिथले जादा ठिपके गाळायचे.

नकाशावरही तो नेहमीसारखा पुढेच होता. डोंगरात आमचं यावरून भांडण ठरलेलं.

"कसली घाई रे तुला? सोबत आलोय ना आपण?" मी धापा टाकत ओरडायची.

"अगं, आहे मी इथेच!" वळणापलीकडून आवाज यायचा.

एका वळणावर वाट तुटल्यासारखी दिसली, म्हणून तो नियम काढून प्रोग्राम पुन्हा चालवला. तर वळणावळणाशी सुहासचे ठिपके एकावर एक साचलेले. वेळा ताडून पाहिल्या. मी खालून दिसेपर्यंत तो उभा राहायचा आणि मी दिसले की निघायचा. म्हणून मला कायम त्याची पाठच दिसली. त्याचं थांबणं कचरा समजून मीच गाळत होते.

मग आमच्या शेवटच्या भटकंतीची फाईल उघडली. त्या दिवशी तो दमत होता, कशाने ते नंतर कळलं. पहिल्यांदाच मी पुढे होते, आणि त्याचा मला केवढा आनंद!

माझे ठिपके कुठेच साचलेले नाहीत.