जळक्या फळ्यांचं घर

वारंगा फाट्यावर माझं सिमेंटचं दुकान आहे आणि मी राहतो ते घर माती, बांबू आणि जळक्या फळ्यांचं आहे. तरीही गिऱ्हाइकं येतात, हा त्यांचा मोठेपणा.

सगळा दोष मोबाइलचा. दुकानात माशा मारत बसलो असताना जपानातल्या नव्या घरांचे व्हिडिओ दिसले. तिथं आजचे लोक जुन्या पद्धतीनं नवी घरं बांधतात. मातीचा गिलावा, कागदाची सरकती दारं, रुंद ओसरी आणि बाहेरून जाळून काळ्या केलेल्या फळ्या. जाळलेल्या लाकडाला म्हणे वाळवी लागत नाही. मी पार येडा झालो. नांदेडच्या पुढे फारसा न गेलेला मी, जपान म्हणजे माझं आजोळ असल्यासारखा बोलू लागलो.

बायकोला घराच्या रूपाशी काही देणंघेणं नव्हतं. लग्नातल्या मानपानावरून तिचे वडील रुसले, ते त्यांच्या गावाहून, साखऱ्याहून, कधी आमच्या दारी आलेच नव्हते. वास्तुशांतीला तरी येतील, एवढीच तिची आस होती. कागदाची दारं मात्र तिनं ऐकताक्षणी उडवून लावली. "शेजारच्या शेळ्या तुमी हाकलत बसणार व्हय?" शेवटी दारं लाकडाची बसली.

फळ्या मी स्वतः शेतात जाळल्या. व्हिडिओतला माणूस ते काम अगदी शांतपणे करत होता. माझ्या भुवया गेल्या.

वास्तुशांतीला माणसं आली, जेवली, भिंतीकडे आणि मग एकमेकांकडे बघत राहिली. सासरे आले नाहीत. बायकोनं दिवसभर हसून वाढलं आणि भांडी घासताना ती रडली. मला फार वाईट वाटलं. तरी म्हणालो काय, तर ओसरी किती छान दिसतेय बघ. अशा वेळी गप्प बसणं मला जमत नाही.

काही दिवसांनी दारात जीप थांबली आणि सासरे उतरले. मागं ज्वारीचं पोतं, पातेली, तवा आणि लेकीला साडी. त्यांच्या गावातल्या कुणीतरी एसटीतून आमचं घर पाहिलं आणि जाऊन सांगितलं, तुमच्या लेकीचं घर जळालं. घर जळालं की सोयऱ्यांनी दाणे-भांडी घेऊन धावायचं, ही आमच्याकडची रीत. तिथं रुसवा आड येत नाही.

"जळालं ते जळालं, बाई. लेकरं बराबर हाईत ना?" त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. बोटं काळी झाली.

"आबा, जळालं न्हाई. ह्यांनीच जाळलंय."

"काहून?"

मी जपानपासून सुरुवात केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लेकीला विचारलं, "ह्यांची तब्येत बरी हाय ना?"

मग ते जीपकडे वळले. घर जळालं नव्हतं, म्हणजे थांबायला कारणही नव्हतं. बायकोनं जीपमधला तवा घेतला आणि आत जाऊन चुलीवर ठेवला. आतूनच मला हाक आली, "पोतं उतरवून घ्या!" मी पोतं उचललं आणि माझी कंबर धरली. सासरे ओसरीवर टेकले. लेकीच्या हातच्या भाकरी त्यांनी पोटभर खाल्ल्या. निघताना मात्र पुन्हा येतो असं काही म्हणाले नाहीत.

जीप दिसेनाशी झाल्यावर बायको भिंतीपाशी उभी राहिली.

"हा काळा रंग पावसानं जातो का हो?"

"हळूहळू फिका पडतो म्हणे," मी माझं ज्ञान पाजळलं.

"मग पडला, की पुन्हा जाळा."