ओळखीची चांदणी

आमच्या कारखान्यात चांदणी दिसणं चांगलं समजत नसत. कारखाना म्हणजे फार काही नाही. एक लांबट शेड, दोन लेथ, रंगाची खोली आणि पॅकिंगचं टेबल. तिथे आम्ही सूर्य बघायच्या छोट्या दुर्बिणी बनवतो. हातभर नळी, घडी होणारा तिपायी स्टँड, सगळं खांद्याला लावायच्या एका पिशवीत मावतं. नळीच्या तोंडावर टोपी बसते आणि त्या टोपीत चंदेरी फिल्म लावलेली असते. सूर्याचं तेज तीच अडवते. फिल्म धड असली तर पोराटोरांनी खुशाल डोळा लावावा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी टोपी बाद. एवढ्याशा भोकाने बहुतेक वेळा काही होत नाही, पण डोळा ही 'बहुतेक'च्या भरवशावर सोडायची वस्तू नव्हे, असं आमच्या मावशी म्हणायच्या.

मावशी म्हणजे टोप्या तपासणाऱ्या बाई. शेडच्या कोपऱ्यात काळा पडदा लावून त्यांच्यासाठी खोपटं केलं होतं. आत एक प्रखर दिवा आणि एक स्टूल. डावा डोळा मिटून, उजव्याने त्या एकेक टोपी दिव्यासमोर धरून बघायच्या. फिल्म चांगली असली की नुसता अंधार. भोक असलं की त्या अंधारात चांदणी चमकायची. मग पडद्याआडून "चांदणी!" अशी आरोळी यायची आणि टोपी बाहेरच्या बादलीत पडायची.

नवरा लवकर गेला. त्या स्टुलावर बसून मावशींनी मुलाला वाढवलं, त्याचं लग्न केलं आणि सून घरात आली तरी स्टूल सोडलं नाही. घरी बसून काय करू, सुनेने घासलेल्या भांड्यांना नावं ठेवू का, असं विचारायच्या. तोंड फटकळ. पण कुणाचा डबा आला नसला की स्वतःचा अर्धा डबा न बोलता पुढे सरकवायच्या. मी लेथवर काम करायचो. मला त्या टवाळ्या म्हणायच्या आणि त्याला कारण होतं. त्यांच्या चष्म्याला ग्रीस लावणं, स्टूल लपवणं, खोपटातला दिवा सैल करून ठेवणं, असले माझे उद्योग चालायचे.

खोपटात खिळ्याला एक टोपी कायम टांगलेली असायची. तीही बादच, मधोमध बारीक चांदणी असलेली. रोज सकाळी मावशी आधी ती दिव्यापुढे धरायच्या. ओळखीची चांदणी दिसली म्हणजे डोळा जागा झाला. मग कामाला हात घालायचा.

पुढे एक काळ असा आला की बादली रिकामी राहायला लागली. मालक खूश. फिल्म चांगली येतेय म्हणाले, फिल्म लावणाऱ्या पोरींचा हात बसला म्हणाले, सगळा मावशींच्या धाकाचा परिणाम म्हणाले. बक्षीस म्हणून त्यांनी मावशींना पाठ टेकायची नवी खुर्ची दिली. मावशी दिवसभर ऐटीत त्या खुर्चीत बसल्या. त्याच सुमाराला बोलताना त्या माझ्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघायला लागल्या. मावशी, माझ्या कानाशी तुमचं काय गुपित आहे, असं मी विचारायचो. सगळे हसायचे, त्याही हसायच्या. दुसऱ्यांच्या डोळ्यांची काळजी वाहणारी इतकी माणसं त्या शेडमध्ये होती आणि एकालाही काही कळलं नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

ग्रहण जवळ आलं होतं. छपरापर्यंत पेट्या रचलेल्या. एका सकाळी मावशी पडदा बाजूला करून थेट माझ्या लेथपाशी आल्या. हातात खिळ्यावरची टोपी.

"टवाळ्या, माझी टोपी बदललीस ना? दे ती इकडे. कामाचे दिवस आहेत, थट्टा नंतर कर."

मी नाही म्हणालो, शपथ घेतली. त्यांचा विश्वास बसेना, आणि का बसावा? शेवटी मीच ती टोपी घेऊन खोपटात गेलो आणि दिव्यापुढे धरली. चांदणी मधोमध होती. चांगली ठसठशीत. मी बघतच राहिलो, कारण टोपी खाली घेतली की बोलावं लागणार होतं.

"आहे, मावशी," मी म्हणालो. "होती तिथेच आहे."

त्यांनी टोपी हातातून घेतली. जवळून बघितलं, लांबून बघितलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग खुर्चीत न बसता तिच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"बादली कधीपासून रिकामी आहे रे?" त्यांनी विचारलं.

रोजची चांदणी ओळखीची होती, म्हणूनच इतके महिने दिसत राहिली असणार. मान जराशी वळवली की ती सापडत असेल. जी कुठे आहे हेच ठाऊक नाही, तिच्यासाठी मान कुठे वळवणार?

मावशी तशाच मालकांसमोर गेल्या आणि सगळ्या पेट्या उघडा म्हणाल्या. मालकांचा चेहरा उतरला. आधी डॉक्टरांना तर दाखवा, असं ते चाचरत म्हणाले.

"डॉक्टर मला बघतील," मावशी म्हणाल्या. "टोप्या कोण बघणार?"

पेट्या उघडल्या. खोपटात मी बसलो. मावशी बाहेर एका उपड्या खोक्यावर बसून राहिल्या, खुर्चीला शिवल्या नाहीत. थोड्याच वेळात मला पहिली चांदणी सापडली. ओरडायचा धीर झाला नाही, मी टोपी हळूच बादलीत सोडली. थोड्या वेळाने दुसरी.

"चांदणी म्हण की," बाहेरून आवाज आला. "मुकाट्याने काय टाकतोस?"

मग मी प्रत्येक वेळी ओरडलो. संध्याकाळपर्यंत घसा बसला. आधी विकल्या गेलेल्या टोप्या मालकांनी फोन करकरून परत मागवल्या. एका शाळेने फोनच उचलला नाही, तेव्हा ते स्वतः गाडी काढून तिकडे गेले. कुणाच्या डोळ्याला इजा झाली नव्हती. हे ऐकून मावशींनी हात जोडले आणि इतके दिवस आवरलेलं रडू त्यांना तेव्हा आलं.

डॉक्टर म्हणाले, वयाने डोळ्याच्या आतल्या पडद्यावर डाग पडला आहे, आणि तोही दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसेल, पण जिकडे सरळ बघाल तेच नाहीसं होईल. यावर इलाज नाही. मालकांनी दुसरं काम देऊ केलं. स्क्रू चाचपत बसायला मी कशाला येऊ, असं म्हणून मावशींनी डबा उचलला आणि त्या गेल्या.

ग्रहणाच्या दिवशी मी त्यांना हट्टाने बोलावलं. सगळा जन्म टोप्या बघण्यात गेला, पण दुर्बिणीतून सूर्य त्यांनी एकदाही बघितला नव्हता. दर वेळी ग्रहणाच्या आदल्या रात्रीपर्यंत काम, आणि ग्रहणाच्या दिवशी झोप. सुनेचा हात धरून त्या आवारात आल्या. मी सूर्य नळीत बरोबर धरून ठेवला होता. पॅकिंगची पोर बघून नुकतीच म्हणाली होती, कडेने कुरतडलेलं बिस्किट दिसतंय.

"टोपी कुणी तपासली?" मावशींनी विचारलं.

"मी."

"आधी ओळखीची बघितलीस?"

"बघितली."

त्यांना वाकायला त्रास होईल म्हणून मी पळत जाऊन आतून त्यांची खुर्ची आणली. तिचा पाय पेट्यांत अडकला होता, तो सोडवण्यात थोडा वेळ गेला. मावशी बसल्या, डोळा लावला. बराच वेळ तशाच होत्या.

"दिसला," त्या म्हणाल्या. "कुरतडलेल्या बिस्किटासारखा. छान आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी उठून सुनेबरोबर फाटकाकडे चालू लागल्या. मी सहज डोळा लावला. आत काळोख होता. सूर्य थांबत नाही. नळी सारखी थोडी थोडी वळवत राहावी लागते, आणि खुर्चीच्या नादात मी ते विसरलो होतो. मावशींनी रिकामी नळी बघितली होती. त्यांना वाटलं, डागाने सूर्यही गिळला.

मी धावत जाऊन त्यांना फाटकात गाठलं. "मावशी, नळी सरकली होती. आत सूर्य नव्हताच. तुमच्या डोळ्यांचा दोष नाही. परत चला, मी धरून ठेवतो."

त्यांनी माझ्या कानाकडे बघितलं. मग चाचपत माझ्या गालावर हात ठेवला.

"टवाळ्या, आता तरी पुरे कर. माझं समाधान व्हावं म्हणून किती खोटं बोलशील? बघितला म्हटलं ना मी."

मी शपथ घेतली. माझ्या शपथांची किंमत त्यांना ठाऊक होती. त्या सुनेचा हात धरून निघून गेल्या, आणि ग्रहण त्यानंतरही कितीतरी वेळ चाललं होतं.

मावशी पुढचं ग्रहण येण्याआधीच गेल्या. मी घरी जाऊन दोनदा तो विषय काढला होता. दोन्ही वेळा त्यांनी डबा आणलास का विचारून बोलणं बदललं.

आता खोपटात मी बसतो, जुन्या स्टुलावर. सकाळी आधी खिळ्यावरची टोपी दिव्यापुढे धरतो. चांदणी दिसते. सूर्य नळीत असता तर मान जराशी वळवल्यावर मावशींनाही तो असाच दिसला असता. मी ती खुर्ची आणायला जायला नको होतं.