दादाने न भरवलेला घास

परवा पावस गावी धाकट्या नातवाचं लग्न झालं. पंगतीत कुणीतरी टूम काढली, की आता आजोबांनी नातसुनेला घास भरवायचा... मी उठलो आणि बेसिनकडे गेलो.

साबण लावून हात धुवायला मला वेळ लागतो. मागे पोरं हसत होती, आजोबा ऑपरेशनला निघाले म्हणून. हसू देत... त्यांना शेवंता कुठे ठाऊक आहे?

शेवंता माझी धाकटी बहीण. आमचं गाव लांज्याच्या आतल्या अंगाला, आणि गोष्ट चौतीस-पस्तीस सालची. बाबा मुंबईला नोकरीत, म्हणून घराचा कारभार मोठ्या दादावर. तोही जेमतेम विशीचा.

शेवंतेला जेवायचं ते दादाच्याच हाताने. तो शेतावरून आला की मांडीवर जाऊन बसायची, तोंड उघडून, घरट्यातल्या पिल्लासारखी. मी शाळेतली पाखरांची कविता चालीत म्हणायचो... एका ओळीला एक घास, असा आमचा खेळ.

त्या साली भात पिकत आलं आणि रानडुकरांनी शेतं तुडवली. गावाने रान उठवलं, ठासणीच्या बंदुकीने एक दांडगं डुक्कर पडलं. रीत अशी, की आधी गावच्या राखणदार देवाचा मान, मग चार तुकडे तिथंच निखाऱ्यावर भाजून शिकाऱ्यांनी खायचे, आणि उरलेल्याचे घरोघरी वाटे.

मांसात पांढरे दाणे होते... तांदळासारखे. दादाने ते आमच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याला, रामाकाकाला दाखवले. "आपलंच भात खाल्लान ना रे? तेच मासात उतरलंय. खा गप." सगळे हसले, आणि दादाने खाल्लं. वरून काळं, आत लालच.

घरी आलेला वाटा आईने चुलीवर रटरटा शिजवला, तो आम्हाला बाधला नाही. दादा मात्र पुढे वाळत गेला. परसाकडेला पांढऱ्या फितीसारखे तुकडे पडायचे, पण हे सांगायचं कुणाला, कसं... त्याने लाजेने मनातच ठेवलं.

दीड-दोन वर्षांनंतरची एक संध्याकाळ. मी कविता म्हणतोय, शेवंता दादाच्या मांडीवर... तिसऱ्या कडव्याशी तिचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. घास तोंडातच राहिला.

गाव म्हणालं, पोरीला झपाटलंय. भगत झाला, अंगारे झाले, फेफरं काही थांबेना. शेवटी दादाने तिला बैलगाडीत घालून रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं, मीही होतो बरोबर.

डॉक्टरांनी तिच्या दंडावरून बोट फिरवलं. कातडीखाली बारीक गाठी होत्या... तांदळासारख्या. मग ते तिला सोडून दादालाच प्रश्न विचारत बसले. काय खाल्लंस, शिजलेलं होतं का, हिला जेवू कोण घालतं.

डुकराच्या मांसातले ते दाणे म्हणजे जंताची पिल्लं, असं त्यांनी समजावलं. कच्च्या मांसातून ती दादाच्या पोटात गेली, तिथं जंत वाढला. त्याची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. परसाकडेहून आल्यावर हात नुसते पाण्यात खळबळले तर बोटांवर राहतात, दुसऱ्याच्या घासातून पोटात जातात आणि पुढे थेट मेंदूत...

दादा म्हणाला, "म्हणजे माझ्याच हातातनं?"

डॉक्टर म्हणाले, "तुला ठाऊक नव्हतं, बाळ."

दादाचा जंत औषधाने पडला. शेवंतेवर मात्र तेव्हा इलाजच नव्हता, फेफरं दबवायची पूड तेवढी मिळाली. पुढच्या कापणीला ती नव्हती...

दादा तरीही प्रत्येक शिकारीला जायचा. खायला नव्हे, मांस चिरून बघायला. दाणा दिसला की अख्खं जनावर खोल पुरायचा, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचायचा. "आला आमचा डागतर," म्हणून लोक टोमणे मारायचे.

पुढे त्याचं लग्न झालं. नवऱ्यामुलाने घास भरवायची वेळ आली, बायका नाव घे नाव घे म्हणून मागे लागल्या. दादाने नाव घेतलं, पण घास वहिनीच्या तळहातावर ठेवला. मांडवात कुजबुज झाली... मुलगी पसंत नाही वाटतं.

वहिनीने ते मनाला लावून घेतलं होतं. महिनाभराने तिने मलाच विचारलं, आणि मी शेवंतेचं सगळं सांगितलं. संध्याकाळी दादा शेतावरून आला तेव्हा ती राख आणि ऊन पाण्याचा तांब्या घेऊन पडवीत उभी राहिली. नखं, बोटांच्या बेचक्या, सगळं तिने स्वतः चोळून धुतलं.

मग ताट पुढे करून म्हणाली, "झाले ना हात स्वच्छ? आता घाला घास."

घास तिच्या ओठांपर्यंत गेला, आणि दादा लहान पोरासारखा रडायला लागला. ती तशीच तोंड उघडून बसून राहिली... त्याचं रडू ओसरेपर्यंत.

परवा मी हात पुसून पंगतीत परत आलो, तर नातसून तशीच थांबलेली. मी मनातल्या मनात पाखरांच्या कवितेची पहिली ओळ म्हटली आणि तिला घास भरवला. ती कविता मला आजही तिसऱ्या कडव्यापर्यंतच म्हणता येते...