लग्नाआधी ठाण्यात आलेला बाप

हिंसक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांची यादी कुणालाही पाहता यावी, असा कायदा करण्याचं चाललं आहे. इंदिरानगरमध्ये सकाळी माझ्याबरोबर फिरणाऱ्या मंडळींनी त्यावर माझं मत विचारलं. मत देण्याआधी एक प्रकरण सांगायला हवं. पोलीस खात्यातून निवृत्त झालो तरी ते डोक्यातून जात नाही.

मी तेव्हा सायखेड्याच्या बाजूला नेमणुकीस होतो. सकाळची हजेरी चालू असताना फुलं विकणाऱ्या एका बाईचा फोन आला.

"साहेब, शेजारची सून दवाखान्यात हाय. पायरीवरून पडली म्हणत्यात, पण तिला मारलंय. दुपारी नवरा घरी नेणार हाय. माझं नाव नका सांगू."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वार अडवायला हात वर धरला की असा मोडतो. मुलगी मात्र "पडले मी" एवढंच म्हणत राहिली. तिच्या जबाबाशिवाय प्रकरण उभं राहणं कठीण होतं, आणि दुपारी ती त्याच घरात जाणार होती.

नवऱ्याला ठाण्यात बोलावलं. गडी फार नम्र, प्रत्येक प्रश्नाला "हो साहेब". हवालदारांनी त्याला "आत बसा" म्हटलं, तर त्याने कुणी न सांगता पट्टा काढून टेबलावर ठेवला, खिसे रिकामे केले आणि भिंतीला टेकून खाली बसला. ठाण्यात पहिल्यांदा आलेला माणूस खुर्ची शोधतो. हा कोठडी पाहून आलेला होता.

"याआधी कुठं आत होतास?" मी विचारलं. त्याचं गाव देवळ्याकडचं, म्हणून तिकडच्या ठाण्यात फोन लावला. अर्ध्या तासात नोंद मिळाली: पहिल्या बायकोला लोखंडी पाइपने मारलं होतं आणि त्याची शिक्षाही भोगली होती.

दवाखान्यात जाऊन ते मी मुलीला वाचून दाखवलं.

"पहिली नांदली नाय, येवढंच सांगितलं व्हतं आम्हाला," ती म्हणाली. प्लास्टरचा हात सावरत उठून बसली. मग म्हणाली, "लिहा साहेब."

जबाब झाला, त्याला अटक झाली. ती माहेरी गेली.

तिला न्यायला आलेले तिचे वडील दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे होते. मला त्यांचा रागच आला होता. "पोरगी देताना चौकशी करायची नाही का?" मी विचारलं.

"केलती साहेब. लग्नाआधी तुमच्याकडंच आलतो. पोरावर काय केस हाय का बघा म्हणलं. तुम्ही म्हणले, हे पोलीस ठाणं हाय, वधूवर सूचक मंडळ नाय. समदे हसले. मग मी गेलो."

मला काही आठवत नव्हतं. वाक्य मात्र माझंच, नेहमीचं होतं. त्याची लाज मला आजही वाटते.

अशी यादी उघडी झाली, तर सुधारलेल्या माणसालाही कुणी भाड्याने खोली देणार नाही, ही भीती खोटी नाही. यादीत चूक झाली तर एखादा निरपराध माणूस आयुष्यातून उठेल. हे सगळं मंडळींना सांगितलं आणि तरीही कायदा हवा म्हणालो. त्यांनी कारण विचारलं.

म्हटलं, ठाण्यातला साहेब विनोदी निघाला, तरी बापाला उत्तर मिळायला हवं.