कीपरसाहेबांची तेविसावी लेव्हल

तत्त्वासाठी अडून बसणारी माणसं आता उरली नाहीत, असं आमच्याकडे प्रत्येक सत्कारात आणि प्रत्येक शोकसभेत सांगतात. मी असा एक माणूस शेजारी राहून पाहिला आहे. कीपरसाहेबांनी एकदा टाकलेलं पाऊल कधी मागे घेतलं नाही. अर्थात हे मोबाइलवरच्या खेळातलं. एरवी ते बाजारातून आणलेली वांगीसुद्धा परत करून येत.

तालुक्याच्या गावी ते सरकारी धान्य गोदामाचे कीपर होते. निवृत्त होऊन आमच्या धाड या गावी परतले, तरी हुद्दा मागोमाग आला. पत्नी आधीच गेलेली, मुलगी सुनंदा नाशिकला. दिवाळीत तिने नवा फोन दिला आणि वडिलांचं मन रमावं म्हणून त्यात एक खेळ टाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फोन घेऊन माझ्या ओट्यावर हजर.

"सर, पोरीनं हे काय टाकलं पाहा बरं. मले गेमगिम जमत नाही."

मी चष्मा लावला. वरून पाहिल्यासारखं एक गोदाम, त्यात छोटा माणूस, चार-दोन खोकी आणि जमिनीवर तितक्याच खुणा. माणसाने खोकी ढकलत खुणांवर न्यायची. सगळी जागेवर लागली की पुढची लेव्हल उघडते. ढकलता येतं, ओढता येत नाही.

"ओढता काऊन येत नाही?"

"नियमच तसा आहे."

"मंग हा हमाल नवीन दिसते," असं म्हणून त्यांनी त्या माणसाचं नाव बबन ठेवलं.

पहिली लेव्हल तीन दिवस चालली. या खेळात कोपऱ्यात गेलेलं खोकं कायमचं जातं, आणि साहेबांची सगळी खोकी कोपऱ्याकडेच जात. बोलणी बबनला बसत. "अबे, दोन्हीकडून भिताडाले लावलं, आता काढशीन कसं? काही अक्कल हाय का बे?" रस्त्याने जाणारे लोक थबकून माझ्या घरात डोकावत.

मला त्यांची दया आली. खाली कोपऱ्यात एक उलटा बाण होता. तो दाबला की शेवटची चाल रद्द होते. मी दाखवला. त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"हे नाही चालत, सर. एकदा साहेबाची तपासणी होती. मधातून गाडी जाईन येवढा रस्ता पायजे म्हणे. दिवसभर पोत्याची थप्पी इकडची तिकडं केली. साहेब आले, गाडीतून उतरलेच नाही. काचेतून पाह्यलं अन् गेले. दुसऱ्या दिवशी सगळी थप्पी वापस. तवा उलटा बाण नव्हता. बबन होता."

"कुठे असतो आता तो?"

"कमरेतून गेला. मंग आलाच नाही कामाले." आणि त्यांनी लेव्हल पहिल्यापासून लावायला घेतली.

पुढे त्यांनी पद्धत बसवली. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने गोदाम आखायचं, खोक्यांच्या जागी हरभऱ्याचे दाणे मांडायचे. तुरीचे घरंगळतात, हरभरा चोचीवर बसतो, हे त्यांचं संशोधन. दाण्यांनी पूर्ण उत्तर निघाल्याशिवाय फोनला हात लावायचा नाही. "पहिले डोक्शात थप्पी लावा, मंग हमालाले सांगा," असं ते म्हणत. आमच्या भागातल्या निम्म्या विकासकामांना हे वाक्य लागू पडतं, पण ते कोणाला ऐकवण्याची त्यांना हौस नव्हती.

अशा बावीस लेव्हली सुटल्या. तेविसावीत ते अडकले. महिना गेला, दुसरा गेला. त्याच सुमारास सुनंदाने त्यांना कायमचं नाशिकला बोलावलं. डोळे अधू होत होते, स्वयंपाकात हात भाजत होते. साहेब म्हणाले, "हे गोदाम लावून देतो, मंग येतो." तिला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. शेवटी तिचा मला फोन आला, "काका, तुम्हीच काहीतरी करा."

मी केलं. आधी दोन दिवस स्वतः डोकं लावलं. बी.ए.ला मला तर्कशास्त्र होतं, हे मी साहेबांना दोनदा सांगितलेलं होतं. जमलं नाही. मग बाजाराच्या दिवशी ते फोन ओट्यावर ठेवून मेथी आणायला गेले, तेव्हा मी माझ्या फोनवर त्या लेव्हलचा व्हिडिओ लावला आणि बघून बघून त्यांच्या फोनवर बोट फिरवलं. सहा मिनिटं लागली.

ते आले. फोन उचलला. चोविसावी उघडलेली.

"सर, हे कोनं केलं?"

"तुमचंच बोट लागलं असेल."

त्या लेव्हलला शंभरावर चाली लागतात. बोट लागून त्या होत नाहीत, हे कळायला तर्कशास्त्र लागत नाही. त्यांनी फक्त विचारलं, "पहिलं पोतं कोनतं हललं?"

माझं लक्ष सगळं व्हिडिओकडे होतं. "मी पाहिलं नाही," म्हणालो.

एखाद्या जुन्या पोत्याच्या शिवणीत मधेच नवी सुतळी दिसली की कीपर जसा पाहील, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हाव. बबननंच केलं असन," म्हणाले. पत्रिकेवरचे दाणे मुठीत घेतले, मेथीची जुडी उचलली आणि घरी गेले. आठवड्याभरात ते नाशिकला गेले. शब्दाचे पक्के होते; गोदाम लागलं होतं.

नंतर फोनवर ते पावसाचं विचारत, सोयाबीनच्या भावाचं विचारत. खेळाबद्दल कधी नाही. मी खरं सांगायचं अनेकदा ठरवलं आणि दर वेळी असं ठरवलं, की अशा गोष्टी समोरासमोर सांगाव्यात. ते इकडे आलेच नाहीत. यंदाच्या उन्हाळ्यात गेले.

घर बंद करायला सुनंदा आली, तेव्हा माझ्या ओट्यावर चहाला बसली. "काका, तिकडे आल्या आल्या बाबांनी तो गेम पुसून परत टाकायला लावला. पहिल्यापासून लावतो म्हणाले, त्यातलं एक गोदाम माझं नाही. मी म्हटलं, मग कोणाचं? तर हरभऱ्याचा डबा मागितला."

"कुठपर्यंत गेले?"

"एकोणीस. नंतर त्यांना दिसत नव्हतं हो."

ती कुलूप लावायला उठली. मी कप आत नेऊन ठेवले.

त्या खेळात सुटलेली लेव्हल पुन्हा खेळायला काही पुसावं लागत नाही, हे मी फोनवर एका वाक्यात सांगू शकलो असतो. यादीतल्या तिच्या आकड्यावर एकदा बोट ठेवलं, की ती कोरी होऊन समोर येते.