खोकून दाखवणाऱ्या शेवंतामावशी

खोकताना-हसताना लघवी सुटणाऱ्या बायकांची सोनोग्राफी करताना त्यांना मुद्दाम खोकायला सांगावं लागतं. मूत्राशयाचं तोंड किती खाली घसरतं, ते तेव्हाच पडद्यावर दिसतं. पण बायका कसल्या खोकतात! इथंच काही झालं तर, या धास्तीनं ओठ घट्ट. मग माझ्या मदतनीस शेवंतामावशी पुढं यायच्या आणि आधी स्वतःच खणखणीत खोकायच्या.

"खोका की वैनी! देवळात हायसा व्हय? हितं लाजायचं काय काम न्हाय."

बाई हसायची, खोकायची, माझं काम व्हायचं.

कोल्हापुरातल्या माझ्या सेंटरमध्ये मावशी बारा वर्षं होत्या. हुपरीहून रोज एसटीनं यायच्या. माझ्याकडं लागण्याआधी घरीच मांडी घालून चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडायच्या. सेंटरमध्ये दिवसभर पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. "सवय न्हाय," म्हणायच्या आणि मी, डॉक्टर म्हणवणारी, मान डोलवायचे.

एकदा अशाच खोकल्या आणि मधेच थबकल्या. पायाशी फरशी ओली झाली होती. टेबलावरची बाई बघत होती. मला त्याच क्षणी सगळं कळलं. पण बाहेर सात पेशंट खोळंबले होते.

"मावशी, पाणी सांडलंय. पुसून घ्या," मी म्हणाले.

त्यांची लाज राखली, असं मी स्वतःला समजावलं. खोटं! मला फक्त वेळ वाचवायचा होता. त्या वाकून फरशी पुसत होत्या आणि मी पुढचं नाव पुकारलं.

त्यानंतरच्या सोमवारपासून मावशी आल्याच नाहीत. गुडघ्यांचं निमित्त सांगून त्यांनी काम सोडलं. मला हुपरीला जायला पंधरा दिवस लागले, तेही मन खात राहिलं म्हणून. त्यांनी चहा टाकला.

"कधीपासून होतंय हे?" मी विचारलं.

"धाकटी झाल्यापास्नं. तुमच्याकडं लागायच्या आदीपास्नं."

"अहो, मग मला सांगायचं नाही का? व्यायामानं, नाहीतर लहानशा ऑपरेशननं बरं होतं हे!" माझा आवाज चढला. कुठल्या तोंडानं चढला, कोण जाणे.

मावशी रागावल्या नाहीत. कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुमी हरेक बाईला इचारत हुतासा की. मी बाजूलाच हुतो. वाटायचं, आज मलाबी इचारशीला."