खोडलेली सिंफनी

कोलशेतच्या ऑफिसातून डोंबिवलीला घरी पोचले, तर डायनिंग टेबलवर खोडरबराचा हा एवढा चुरा. बाजूला आई, अगदी खूश.

"संपलं बाई एकदाचं! अख्खा दिवस गेला."

तिच्यापुढचं बाबांचं पुस्तक उघडलं आणि माझं डोकंच फिरलं.

अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका पाश्चात्त्य सिंफनीचं नोटेशन आहे ते, जुन्या प्रतीवरून जसंच्या तसं पुन्हा छापलेलं. पाच-पाच रेघा आणि त्यांवर मुंग्यांसारखे ठिपके. बाबा चाळिशीनंतर, नोकरी सांभाळून टेंभी नाक्याजवळच्या एका क्लासात व्हायोलिन शिकले. ठिपके झटकन वाचता यायचे नाहीत, म्हणून व्हायोलिनच्या प्रत्येक ओळीखाली त्यांनी पेन्सिलीने सा रे ग म लिहिलेलं. कित्येक वर्षं लिहीत होते. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, बोलणं एकेका शब्दावर आलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी मोबाइलवर तीच सिंफनी लावायची आणि डाव्या हाताचं बोट त्या अक्षरांखालून फिरवत न्यायचं. एवढंच वाजवणं उरलेलं त्यांचं.

आणि आईने ते खोडलं! का, तर क्लासवाल्यांना चार दिवस झेरॉक्ससाठी हवं होतं. लहानपणी दर मे महिन्यात ती आमची शाळेची पुस्तकं अशीच घेऊन बसायची. उत्तरं, खुणा, आम्ही काढलेल्या मिश्या, सगळं खोडून, नवं कव्हर घालून शेजारच्यांना द्यायची. कोणाला गिचमीड पुस्तक देणं म्हणजे तिच्या दृष्टीने लाज.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? शाळेचं पुस्तक आहे का हे?" मी ओरडत सुटले. नको नको ते बोलले. तुला बाबांचं कधी काही कळलंच नाही, इथपर्यंत गेले. आई टेबलवरचा चुरा हाताने गोळा करत राहिली.

मग म्हणाली, "तुला विचारलं होतं मी. मंगळवारी, फोनवर."

विचारलं होतं खरं. पेन्सिलीचं खोडू ना गं, असं काहीतरी. मी मीटिंगमधून बाहेर आलेले, वैतागलेले. "खोड ना, मला काय विचारतेस सारखं!" म्हणून फोन ठेवलेला.

आतून बाबा भिंत धरत आले. खुर्चीत बसले, पुस्तक ओढून घेतलं. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. ते तिथेच थांबलं.

मग त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं, टेबलवरची पेन्सिल माझ्या हातात दिली.

"लिही."

दहावीच्या सुट्टीत ते मला हेच शिकवायला बसले होते. दोन दिवसांत कंटाळून मी उठून गेलेले. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्या पानावरचा एकही ठिपका मला वाचता येत नव्हता, आणि बाबा माझ्या हाताकडे बघत बसले होते.